कोंड्याच्या मोलाने

"तिची आई परत आली होती बरं का. सूप घेऊन आली होती," पंचशीला म्हणाली आणि कपातला चहा बशीत ओतून तिने बशी माझ्यापुढे सरकवली. बशीतून चहा प्यायची माझी सवय कधीच सुटली आहे, पण मी बशी उचलली आणि प्यायले. चहा सांडला नाही. बाहेर अंगणात नीला आश्रमातल्या मुलींबरोबर लंगडी खेळत होती. तिला लंगडी येत नव्हती, एका पायावर उभी राहिली की लगेच दुसरा पाय टेकायची, आणि मुली टाळ्या पिटून तिला बाद करत होत्या. बाद झाली तरी ती हसत होती. स्टुटगार्टच्या शाळेत हरली की तोंड फुगवून घरी येणारी माझी मुलगी इथे हरण्यावर खूश होती, आणि मी आत टेबलाशी बसून सूप या शब्दावर अडकले होते. दत्तक मूल घ्यायला जिनिव्याहून किंवा मुंबईहून आलेल्या एखाद्या बाईला हा शब्द ऐकून काही झालं नसतं. मी लातूरची. मला एका शब्दात सगळं कळलं, आणि कळल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

नांदेडच्या या अनाथाश्रमातून आम्ही नीलाला दत्तक घेतलं तेव्हा ती दीड-दोन वर्षांची होती. पंचशीला तेव्हा सतरा-अठराची, नुकतीच कामाला लागलेली, तान्ह्यांचं न्हाणं-धुणं करणारी. आता तीच आश्रम चालवते. मोठे सर आहेत, पण ते सहीपुरते. नीलाने या वर्षी हट्टच धरला होता, नाताळच्या सुट्टीत भारतात जायचं तर आधी नांदेड, मग मामाचं लातूर. विरूपाक्षला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कारखान्यातून रजा मिळाली नाही. "जाऊ दे तिला, बघू दे," तो विमानतळावर म्हणाला, जणू तिला प्राणिसंग्रहालयच बघायचं होतं. त्याचं असंच असतं, सगळं सरळ दिसतं त्याला.

"सोडायला आली तेव्हाबी सुपातच घेऊन आली होती, ताई," पंचशीला सांगत होती. "बहात्तरचा दुष्काळ. खडीच्या कामावरनं आली होती, हातापायाची कातडी निघालेली. दारात सूप ठेवलं, सुपात ही. म्हणली, ही माझी न्हवं, तुमची हाय, तुम्ही घ्या. सरांनी विचारलं, बाई, नक्की ना? तर म्हणली, हाव, माझी न्हवं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग अंगठा दिला. आता आम्हाला काय कळणार? आमच्या घरी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून असलं काही करीत न्हाईत. मला वाटलं, बिचारीकडं पोरीला ठेवायला दुसरं काही न्हाई म्हणून सूप."

"आणि परत आली ती?"

"पाऊस झाल्यावर. तुम्ही नेल्याला सहा-सात महिने झाले असतील. सुपात कोंडा घेऊन आली. नवं लुगडं नेसली होती. सरांच्या पुढ्यात कोंडा ठेवला अन् म्हणली, हे घ्या अन् माझी लेक द्या. सरांनी समजावून सांगितलं, बाई, पोरगी जर्मनीला गेली. तर ती हसली. तिला वाटलं, सर थट्टा करून राहिले."

मी बशी खाली ठेवली. मग काय झालं ते मी विचारलं नाही. पंचशीलाने ते तरीही सांगितलं, की ती दुसऱ्या वर्षी पुन्हा आली, पुन्हा सूप घेऊनच, आणि या वेळी काही न बोलता व्हरांड्यात बसून राहिली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. नाव धुरपताबाई. अहमदपूरकडच्या एका खेड्यातली. आता लातूरला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पाखडायचं काम करते, सरांना गेल्या साली तिथे दिसली होती. पंचशीला हे सगळं माझ्याकडे न बघता, टेबलावरची माशी हाकलत सांगत होती. तिच्याही मनात ते इतकी वर्षं खुपत असावं. "नीलाला यातलं काही सांगू नका," मी म्हणाले. माझा आवाज मला माझ्या सासूचा वाटला. "मी कशाला सांगू?" पंचशीला म्हणाली. "पण पोरीनं मघाशी विचारलं मला. मला बघायला कधी कुणी आलं होतं का, म्हणून. मी म्हणलं, आईला विचार."

माझा धाकटा भाऊ बसवंत, लातुरात ज्याची आडत आहे, ज्याचं पोट आता सदऱ्याच्या गुंड्या तोडू पाहतं, तो सुपातलाच. त्याच्याआधी माझ्या आईची दोन मुलं गेली होती, एक बाराव्या दिवशी आणि एक रांगायला लागल्यावर. म्हणून बसवंत झाला तेव्हा आईने त्याला सुपात घातलं आणि भाजीवाल्या मल्लम्माच्या पुढे ठेवून सांगितलं, हा माझा नव्हे, तुझा, घे. मल्लम्मा सूप उचलून तिच्या घरी घेऊन गेली. काही दिवसांनी आई ओंजळभर कोंडा घेऊन तिच्या दारात गेली आणि तिने त्याला विकत आणलं. कोंड्याच्या मोलाचं पोर, त्यावर कुणाची नजर जाणार नाही, सटवीची नाही की मरणाची नाही, असा तो हिशेब. घरात त्याला सगळे कोंड्या म्हणायचे. मल्लम्माला दर दिवाळीला लुगडं जायचं आणि ती मेली तेव्हा बसवंतने आईबरोबरीचं सुतक पाळलं. बसवंतला सुपात घातलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. मला आठवतो तो आईचा चेहरा, मल्लम्मा सूप घेऊन वळली तेव्हाचा. आई हसत होती. खोटं खोटं देते आहे हे दोघींनाही माहीत होतं, आणि तरी मल्लम्मा कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तेव्हा आई मटकन खाली बसली होती. त्या दुष्काळात धुरपताबाईच्या गावात कुणाच्या घरी दुसऱ्याच्या पोराला पाजायला घोटभर दूध उरलं असेल? कोण घेणार सूप? म्हणून तिने मल्लम्मा शोधली ती नांदेडला, सरकारी रस्त्यावर, पाटी लावलेली. आणि तिच्या मल्लम्माने पोर मला दिलं.

लातूरच्या गाडीत आम्हाला मागची बाकं मिळाली. नांदेड सुटलं, लोहा गेलं, दोन्ही बाजूंना ज्वारी होती, पण गुडघ्याएवढीच, या वर्षीही परतीच्या पावसाने पाठ फिरवली होती. नीला खिडकीशी. तिने केसांना आश्रमातल्या कुठल्याशा मुलीची लाल रिबीन बांधून घेतली होती. समोरच्या बाकावरची एक बाई बराच वेळ आमच्याकडे वळून वळून बघत होती, मी नजर टाळतेय हे कळूनही. अखेर तिने विचारलंच. "पोरगी कामाला ठेवली का ओ तुम्ही? कापडं तर लई चांगली घातलीत." मी म्हणाले, माझी मुलगी आहे. "हाव का?" ती म्हणाली, आणि माझ्या हाताकडे, मग नीलाच्या हाताकडे बघून तिने मान वळवली. मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. तिकडे हे कुणी विचारत नाही. स्टुटगार्टच्या आमच्या पावाच्या दुकानातली म्हातारी गेली नऊ वर्षं मला सांगते आहे की मुलगी अगदी आईवर गेली आहे. तिला आम्ही दोघी सावळ्या, दोघींचे केस काळे, संपलं. शाळेतल्या बाया, ट्राममधले लोक, दवाखान्यातली नर्स, सगळे मला फुकटात आई करून टाकतात. मी ते घेत आले. परक्या मुलखात राहायचे इतर त्रास पुष्कळ आहेत, पण हा एक आराम होता, आणि तो मला इतका अंगवळणी पडला होता की इथे माझ्याच गावाकडे, माझ्याच भाषेत, पहिल्या बाईने एका नजरेत आमच्यातलं अंतर मोजलं तेव्हा मला ते अंतर तिनेच घातल्यासारखं वाटलं.

"आई," नीला म्हणाली. आमच्यात ती मराठी बोलते, शाळेत शिकल्यासारखी, एकेक शब्द जागेवर ठेवत. "मी गेल्यावर मला बघायला कोणी आलं होतं का, तिथे?" खिडकीबाहेर बघत विचारलं तिने. मला ठाऊक आहे, तिला उत्तराची भीती असते तेव्हा ती बाहेर बघते. मी म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ." गाडी खड्ड्यात आदळली, वरच्या फळीवरचं कुणाचं तरी गाठोडं खाली आलं, एकच गोंधळ झाला, आणि तो निस्तरेपर्यंत माझं उत्तर पक्कं झालं. नीलाने थोड्या वेळाने मान हलवली. "म्हणजे नाही," ती स्वतःशीच म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. एखादा गणिताचा ताळा जमला की ती अशी मान हलवते.

तिला मी काय सांगायला हवं होतं? की तुझी आई तुला टाकून गेली नाही, ठेवून गेली? की आम्ही सगळ्यांनी, आश्रमाने, कोर्टाने, मी, तुझ्या बापाने, एका बाईचं खोटं खोटं देणं खरं धरलं? अकरा वर्षांची पोर हे पोटात घेऊन शाळेत कशी जाईल, हे मी स्वतःला विचारत होते, आणि त्याच वेळी मला पक्कं कळत होतं की मला तिच्या शाळेची काळजी नाही. मला काळजी माझी होती. माझी मुलं पोटात राहिली नाहीत. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाला, आता पुरे, आणि मी त्या दवाखान्याच्या पांढऱ्या व्हरांड्यात विरूपाक्षच्या हातातली टोपी बघत बसले होते, तो ती गोल गोल फिरवत होता. त्यानंतर नीला. पहिल्या महिन्यात ती ट्राममध्ये सीटवर बसायची नाही, खाली फळीवर बसायची, आणि तिच्या एकटीवर लोकांच्या नजरा नकोत म्हणून मीही तिच्याजवळ उकिडवी बसायचे. त्या थंडीत एकदा तिने आपण होऊन माझ्या कोटाच्या खिशात हात घातला. तो हात निघू नये म्हणून मी आमच्या थांब्यावर उतरलेच नाही, दोन थांबे पुढे गेले. ते दोन थांबे मी कुणाला देणार नाही. सूप घेऊन आलेल्या बाईलाही नाही. असं मी मनात म्हणाले आणि लगेच मला कुणीतरी ऐकलं असेल असं वाटून भीती वाटली. मी शिकलेली आहे, नजर-बिजर मानत नाही. तरी अहमदपूरच्या स्टँडवर नीलासाठी पेरू घेताना मी त्या पेरूवाल्या म्हातारीचं तोंड निरखून पाहिलं, आणि तिच्या शेजारच्या बाईचं, आणि नळावर पाणी भरणाऱ्या दोघींचं. त्या सगळ्या मला धुरपताबाई वाटल्या.

अहमदपूरच्या पुढे रस्त्यावरचे दगड नवे रंगवलेले होते. लातूर जिल्हा होऊन चार-पाच महिनेच झाले होते, आणि जिथे तिथे उस्मानाबादवर पांढरा हात मारून वर लातूर लिहिलं होतं. रंग स्वस्तातला असावा, खालचं नाव पुसट वर येत होतं. नीलाने विचारलं, हे लोक आधी चुकीच्या गावात राहत होते का? पुढच्या बाकावरचा एक शिक्षक मोठ्याने हसला आणि म्हणाला, "नाही बाई, लोक तिथंच हायत. मालक बदलला." मला ते अजिबात आवडलं नाही.

बसवंतच्या घरी त्या रात्री मी कुणालाच काही बोलले नाही. त्याची बायको नागम्मा कडकण्या तळत होती, बसवंत नव्या कलेक्टर ऑफिसापाशी जागा किती फुटाने चालली आहे ते सांगत होता, आणि मी ठरवत होते की मोंढ्याकडे फिरकायचं नाही. आठवडाभर राहायचं, उदगीरला मावशीकडे जाऊन यायचं, मुंबई, विमान. कुणी कुणाला शोधत आलेलं नाही. धुरपताबाईला नीला कशी दिसते ते ठाऊक नाही, नीलाला धुरपताबाई नाव ठाऊक नाही, पंचशीला बोलणार नाही. म्हणजे मी गप्प राहिले की झालं. एवढी सोपी गोष्ट होती आणि तरी पहाटेपर्यंत मी ती पुन्हा पुन्हा ठरवत राहिले. सकाळी न्हाऊन केस पुसत स्वयंपाकघरात आले तर नागम्मा एकटीच. "नीला?" "ती गेली की मामासंगं दुकानाला," नागम्मा म्हणाली. "तूर लई आली म्हणं मोंढ्यात. ढीग बघायचे म्हणली, म्हणून नेली त्यांनी. काय झालं ओ अक्का?"

ओल्या केसांनी मी रिक्षात बसले. गंजगोलाई, मग डावीकडे. मी या मोंढ्यातच वाढले, वडिलांच्या दुकानाच्या ओट्यावर. तिथल्या पाखडणाऱ्या बायका मला लहानपणापासून ठाऊक आहेत, म्हणजे ठाऊक नाहीत. भिंतीच्या कडेने ओळीने बसलेल्या, डोक्यावरून पदर, नाकावर फडकं, सकाळपासून दिवे लागेपर्यंत सुपाचा तो आवाज, आणि उडालेल्या फोलपटाने पिवळ्या झालेल्या पापण्या. आम्ही पोरं त्यांच्यामधून पळायचो आणि त्या सूप आडवं धरून डोळे मिटून घ्यायच्या. त्यातली एकही मला चेहऱ्याने आठवत नाही. रिक्षावाला बैलगाड्यांमध्ये अडकला तेव्हा मी उतरून चालायला लागले. तुरीच्या पोत्यांची थप्पी, हमालांची ओरड, लिलावाचा आकडा, सगळं तेच होतं आणि मला त्यातून वाट काढता येत नव्हती. मी काय अडवायला धावत होते हेही मला धड सांगता आलं नसतं. मोंढ्यात चाळीस-पन्नास बायका असतील. नीला त्यातल्या एकीसमोर उभी राहील असं कशावरून?

ती उभी होती. बसवंतच्या दुकानासमोर नव्हे, पलीकडच्या शेडखाली, आणि तिच्याभोवती चार-पाच बायका सूप बाजूला ठेवून हसत होत्या. एकीने तिला सूप धरायला दिलं होतं आणि नीला ते कसंबसं हलवत होती, तूर पुढून सांडत होती. "अगं पाखड, पाखड, झुलवू नको," एक म्हातारी ओरडत होती. मग तीच म्हातारी मागे वळून म्हणाली, "धुरपते, ए धुरपते, इकडं बघ की. ही पोरगी अगदी तुझ्यावानी दिसती गं. कपाळ बघ." आणि सगळ्या हसल्या. थट्टेतच म्हणाली ती, मोंढ्यातल्या बायका दिवसभर अशीच कुणाची ना कुणाची ओढत असतात. पण मी बघितलं. शेडच्या खांबाशी बसलेल्या बाईने नाकावरचं फडकं खाली केलं होतं आणि नीलाकडे बघत होती. ते रुंद कपाळ, भुवयांच्या मधली ती आठी, जी मी इतकी वर्षं अभ्यास करणाऱ्या नीलाच्या चेहऱ्यावर बघत आले आणि जी कुठून आली असेल असा प्रश्न मी मुद्दाम कधी पडू दिला नाही, ती सगळी इथे एका वाळलेल्या चेहऱ्यावर होती. वय माझ्याहून कमीच असेल तिचं. मला तिचं फडकं पुन्हा वर ओढावंसं वाटलं. मत्सर म्हणायचा का त्याला? नीलाचा चेहरा माझ्या घरी एकटा होता, आता त्याला गोत मिळालं.

मी पुढे गेले आणि नीलाचा दंड धरला. "ही माझी मुलगी," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. बायका माझ्या साडीकडे बघून गप्प झाल्या आणि एकेक करून आपल्या जागी जाऊन बसल्या. नीला म्हणाली, "आई, त्या आजी म्हणाल्या मी त्या बाईसारखी दिसते. खरंच दिसते का?" ती खांबाकडे बघत होती. तिचा दंड माझ्या हातात ताठ झाला होता. मला तिला ओढून नेता आलं असतं. दहा पावलांवर बसवंतचं दुकान होतं. "तू इथेच थांब," मी म्हणाले आणि खांबाशी जाऊन त्या बाईसमोर खाली बसले.

"धुरपताबाई," मी म्हणाले, "तुम्ही नांदेडला पोर ठेवली होती. दुष्काळात."

तिने सूप उचललं, मूठभर तूर घेतली, पाखडायला लागली. माझ्याकडे बघितलं नाही. तिचे हात भराभर चालत होते आणि सुपात दाणे जवळजवळ नव्हतेच. "कोण म्हणलं तुम्हाला?"

"आश्रमातल्या पंचशीलाबाई. तुम्ही परत आला होता म्हणाल्या."

"ती माझी न्हवं," धुरपताबाई म्हणाली. मोठ्याने म्हणाली, पलीकडे नीलापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. "माझी मेली. तान्ही व्हती तवाच मेली. ही कुणाची कोण, मला काय ठावं?" मग सूप तसंच हलवत, आवाज एकदम खाली आणून, ओठ न हलवता ती बोलायला लागली आणि मला वाकून ऐकावं लागलं. "बाईसाब, कशाला आणली हिला हितं? माझ्यापाशी ऱ्हात न्हाईत. हिच्या आधीचे दोघं गेले. हिच्या मागनं एक झाला, त्यो बी गेला, चालाया लागला व्हता. ही तेवढी जगली. का जगली? माझ्याकडं न्हवती म्हणून जगली. मी दोनदा गेले व्हते आणाया. न्हवती तितं, लई रडले. मग त्यो पोरगा गेला तवा मला कळलं, बरं झालं न्हवती. आता माझी म्हणू नका. मला म्हणाया लावू नका. तुमची हाय, तुमचीच ऱ्हाऊ द्या. न्या तिला."

मी तिच्या शेजारी मातीत बसले होते आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तेच वाटलं, अंगातून गरम पाणी गेल्यासारखं. तिने मला सगळंच देऊन टाकलं होतं, दुसऱ्यांदा, आणि या वेळी समजून उमजून. मला लबाडीही करावी लागणार नव्हती. जे बोललं गेलं तेवढंच नीलाला जाऊन सांगायचं होतं. आणि खरं सांगितलं तर? मी नजर मानत नाही. पण तीन पोरं पुरलेली बाई मला सांगत होती की माझी म्हटलं की मरतं, आणि माझी तीन नाव ठेवण्याआधीच गेलेली होती, आणि त्या क्षणी तिचं म्हणणं वेडगळ आहे असं छातीवर हात ठेवून म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. नीलाला काही झालं तर? विमानात, रस्त्यावर, तापाने? मी कुणाकडे जाऊन सांगणार होते की शब्दाने काही होत नसतं? मी उठले. गुडघ्यांना तुरीची फोलपटं चिकटली होती, ती झाडली, साडी सारखी केली. धुरपताबाईने नाकावर फडकं ओढून घेतलं होतं.

नीला सांगितलं तिथेच उभी होती. "काय म्हणाली ती?" तिने विचारलं. "ती फार जोरात बोलली, मला सगळं नाही कळलं."

"म्हणाली, तू तिची नाहीस," मी म्हणाले. "तिची मुलगी लहानपणीच मेली म्हणाली."

नीलाने मान हलवली. तीच, गाडीतली, ताळा जमल्याची. "बरं," ती म्हणाली. "मामाकडे जायचं?" आणि तिने माझा हात धरला. मी तिच्याबरोबर दोन पावलं चालले. माझ्या मुलीचा हात माझ्या हातात होता, गरम, जरा घामेजलेला, आणि यापुढे जन्मभर ती अशी मान हलवत राहील हे मला दिसलं. कुणी आलं नव्हतं, कुणाची नव्हते, बरं. असं ती माझ्यामुळे म्हणत राहील आणि मी तिच्याजवळ असेन.

"नीला," मी म्हणाले. "ती खोटं बोलली."

ती थांबली.

"तुझी आई आहे ती. तुला परत न्यायला ती नांदेडला आली होती. दोनदा आली होती. तेव्हा तू माझ्याकडे आली होतीस. मला काल कळलं, आणि गाडीत तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं नाही. ती घाबरते. तिला वाटतं तिने तुला आपली म्हटलं तर तुला काहीतरी होईल. म्हणून तसं म्हणाली. दुसरं काही कारण नाही."

नीला माझ्याकडे बघत राहिली. भुवयांच्या मधे ती आठी पडली होती. ती मला काही विचारेल, रडेल, निदान माझ्यावर ओरडेल म्हणून मी थांबले. तिने माझ्या हातातून हात काढून घेतला, हिसडा न देता, सावकाश, आणि ती वळून शेडकडे चालत गेली, पोत्यांना वळसा घालून, त्या बायकांच्या ओळीसमोरून. पाखडायचं थांबलं. बसवंत कुठूनसा आला आणि "अक्का, काय चाललंय?" म्हणाला, त्याला मी हाताने गप्प केलं. नीला खांबापाशी जाऊन उभी राहिली. धुरपताबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. नीला दुसऱ्या बाजूने जाऊन तिच्यासमोर उभी राहिली. तेव्हा धुरपताबाईने दोन्ही हातांनी पदर तोंडावर ओढला आणि तिचे खांदे हलायला लागले, आणि नीलाने वाकून तो पदर एका बोटाने, अगदी हळूच, बाजूला केला.

"न्या की ओ तिला!" धुरपताबाई माझ्याकडे बघून ओरडली. "बाईसाब, न्या तिला!"

मी जागची हलले नाही.